होडीतील गोडे पाणी



वसंत व्याख्यानमालेत होडीतल्या नळाविषयी काय बोलणार, असा प्रश्न येथे येताना एका गृहस्थांनी आम्हांला केला. प्रश्न रास्त आहे. परंतु ऐन चैत्र-वैशाखात पाण्याखेरीज दुसरा विषय तरी कोणता सुचावा? तेव्हा आमची फजिती सांगतो आणि तिच्यातून काय शिकलो तेही सांगतो.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली. तीस फूट लांब, फायबरची, वयाने पन्नाशीच्या घरातली. डोलकाठी, शिडे, सुकाणू, सारे तपासून घेतले. पिण्याच्या पाण्याचा नळ मात्र सोडून पाहिला, पाणी आले, आणि आमचे समाधान झाले! जे चालते आहे ते ठीक आहे, असे मानण्याची आपल्याला सवयच आहे.

मग मुंबईहून गोव्याला निघालो. दुसऱ्या रात्री वारा पडला म्हणून इंजिन लावले. पहाटे चहासाठी तोटी फिरवली तर थेंब नाही! दीडशे लिटरची टाकी, आदल्या संध्याकाळी निम्म्याहून अधिक भरलेली. पाणी गेले कोठे?

उत्तर फळी उचलल्यावर मिळाले. विजेच्या पंपाजवळचा प्लास्टिकचा एक जोड जुनाट होऊन तडकला होता. अशा पंपाचा धर्म असा की, नळीतला दाब कमी झाला की तो आपोआप सुरू होतो. तोटी उघडली काय आणि जोड फुटला काय, त्याला दोन्ही सारखेच. इंजिनाच्या आवाजात तो आम्हांला ऐकू आला नाही. त्याने टाकीतले पाणी होडीच्या तळात सोडले. तळात साचलेले पाणी बाहेर फेकण्यासाठी दुसरा पंप असतो. त्याने ते समुद्रात टाकले. दोघांनीही आपापले कर्तव्य प्रामाणिकपणे केले आणि आमचे गोडे पाणी रातोरात अरबी समुद्रास अर्पण झाले.

जवळ पाच लिटरचा एक डबा उरला होता. वर ऊन, खाली अथांग पाणी आणि घशाला कोरड! दुपारी कसेबसे जयगडच्या खाडीत शिरलो. तेथे एका तांडेलाने आम्हांला दोन डबे पाणी दिले आणि हसत विचारले, “सायेब, सगला पानी एकाच भांड्यात ठेवलाव होय?” आमच्या साऱ्या शिक्षणाची परीक्षा त्या एका प्रश्नात झाली.

परत आल्यावर जुनी नळव्यवस्था मुळापासून उपटली. तीत तीन पिढ्या निघाल्या. मूळची तांब्याची नळी होती. सतत हिसके बसून तांबे कठीण होते आणि अखेर चिरते. तिला जोडलेली पारदर्शक नळी आतून हिरवीगार झाली होती. जेथे उजेड पोचतो तेथे शेवाळ धरणारच. आणि तिसरी पिढी म्हणजे ते ठिसूळ प्लास्टिकचे जोड. प्रत्येक मालकाने बिघडले तेवढे बदलले, संपूर्ण कोणीच पाहिले नाही.

नवी रचना करताना आम्ही तांडेलाचा प्रश्न समोर ठेवला. एका टाकीऐवजी पंचाहत्तर लिटरच्या दोन टाक्या बसवल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र चावी दिली. एका वेळी एकच चावी उघडी ठेवावयाची. चौघांना पिण्या-शिजवण्यास माणशी तीन लिटर धरले, तर एक टाकी सहा दिवस पुरते. नळ्या खाद्यपदार्थांस चालणाऱ्या आणि अपारदर्शक घेतल्या. बागेची स्वस्त नळी वापरली तर पाण्याला तिची चव लागते.

टाकीला हवेची नळी लागते, नाहीतर पाणी भरताही येत नाही आणि ओढताही येत नाही. आमच्या होडीत तिचे तोंड बाहेरच्या अंगाला होते. होडी कलली की खारे पाणी आत शिरे. चहा अधूनमधून खारट का लागतो, हे कोडे तेव्हा उलगडले. आता ते तोंड आतल्या बाजूस, छताशी उंच नेऊन खाली वळवले आहे.

सर्वांत महत्त्वाचा बदल अगदी साधा आहे. विजेच्या पंपाशेजारी एक पायपंप बसवला. पाय हलवला तरच पाणी येते. तो रात्री आपणहून चालत नाही, आणि श्रम पडत असल्याने कोणी पाणी उधळीत नाही. समुद्रावर असताना आम्ही विजेचा पंप बंदच ठेवतो.

काम झाल्यावर प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर पाहिले. भिजला तो जोड पुन्हा आवळला. मग टाक्या धुतल्या. सुवासिक नसलेले, पाच टक्के क्लोरीनचे घरगुती ब्लीच शंभर लिटरला शंभर मिलिलिटर घातले, प्रत्येक तोटीतून वास येईपर्यंत खेळवले, रात्रभर ठेवले आणि मग वास जाईपर्यंत टाक्या पुन्हापुन्हा भरून रिकाम्या केल्या.

२०१२ च्या नोव्हेंबरात अभिलाष टॉमी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि कोठेही न थांबता पाच महिन्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्या साहसाचे आपण कौतुक करतो ते शिडांकडे पाहून. आम्हांला मात्र आता त्या नौकेतला प्रत्येक पेला दिसतो. वाटेत जयगड नव्हते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण घरोघर सांगतो. जमिनीवर उशिरा का होईना, विहीर खणता तरी येते. समुद्रावर तीही सोय नाही. आज घरी गेल्यावर आपापल्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण एकदा उघडून पाहा, एवढीच आमची विनंती. नळाला पाणी येते आहे, हे काही उत्तर नव्हे.