नख आणि ममत्व

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

सज्जनहो, 'माझं, माझं' म्हणून आपण जे कवटाळतो, त्यात जिवंत किती आणि मेलेलं किती? लांब जायला नको. वाचणाऱ्याने जरा आपल्या नखांकडे पाहावे.

नख म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. घोड्याचा खूर, मांजराची नखी, गेंड्याचे शिंग, सगळी त्याच मातीची मडकी. जिवंत पेशी फक्त मुळाशी, कातडीखाली. जुन्या पेशी कठीण होतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. म्हणून तर नख कापताना दुखत नाही, आणि मुळाशी लागले की ब्रह्मांड आठवते! कोणी म्हणतात, बुवा, मेल्यावरही नखे वाढतात. नाही हो! कातडी सुकून मागे सरते, म्हणून नख लांब दिसते.

आता दृष्टान्त आपल्या पुण्याचाच. श्रीधर चिल्लाळ. शाळकरी वयात त्यांच्या हातून गुरुजींचे जपलेले लांब नख मोडले. गुरुजी रागावले, एखादी गोष्ट जपणे तुला काय कळणार, अशा अर्थाचे बोलले. मुलाने शब्द मनाला लावून घेतला. १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापलीच नाहीत. ६६ वर्षे! पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर. अहो, नऊवारी लुगड्याहून जास्त! एकट्या अंगठ्याचे नख १९७.८. गिनीज बुकात नाव लागले.

ही निष्ठा हसण्यासारखी नाही बरं का. पण मोल काय पडले? डावा हात कायमचा अधू झाला, मूठ उघडेना. झोपेतसुद्धा नखे सांभाळायची. मेलेले वाढत गेले आणि जिवंत हात आखडला.

जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कला, रिप्लीजच्या संग्रहालयात, ती नखे कापली आणि तिथेच ठेवली. इतकी वर्षे जपलेले सोडायला त्यांना किती बळ लागले असेल, विचार करा.

आता आपले पाहू. भाऊ वाटणीच्या वेळी एक शब्द बोलला. तो कधीच विसरला. आपण मात्र रोज वाढवतोय. त्यात जीव नाही, तरी त्याला धक्का लागू नये म्हणून लग्नकार्याला जात नाही, दारावरून मान वळवून जातो. मग आखडला कोणाचा हात?

नखे आपण आठवड्याला काढतो. हेही काढावे. पुस्तक मिटा, भावाला हाक मारा. नाम मग मोकळ्या हाताने, टाळी वाजवून घेता येईल.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!