शुगर, यकृत आणि तीस वर्षांपूर्वीची रक्ताची बाटली
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारा माणूस आहे. त्यामुळे औषध सांगणार नाही, एक तपासणी तेवढी सुचवणार आहे.

माझ्या मावशीला साठीत मधुमेह निघाला. "माझ्या माहेरी कुणालाच शुगर नाही रे," असं ती सारखं म्हणायची. अंगाने बारीक, गोडाची आवड नाही. गोळ्या वाढत गेल्या, तरी सकाळची उपाशीपोटीची शुगर खाली येईना. एसजीपीटी दर वेळी थोडं जास्त यायचं. रिपोर्ट मीच पाहायचो आणि "फॅटी लिव्हर असेल" म्हणून सोडून द्यायचो. पाच वर्षं!

शेवटी एका डॉक्टरांनी तिला विचारलं, "कधी रक्त चढवलं होतं का?" १९९३ साली गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी दोन बाटल्या चढवल्या होत्या. तपासणी केली, तर हिपॅटायटिस सी.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. आपल्या देशात रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. त्याआधी रक्त घेतलेले, नीट न उकळलेल्या सुईने इंजेक्शन घेतलेले किती जण या सभागृहात असतील, विचार करा. हा आजार वीस-तीस वर्षं गप्प बसू शकतो. कावीळ होतेच असं नाही.

आता शुगरशी याचा संबंध काय? यकृत हे साखरेचं कोठार. जेवलो की साखर साठवायची, रात्री उपाशीपोटी थोडी थोडी सोडायची. "आता पुरे, सोडू नकोस" हा निरोप इन्सुलिन देतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून हा निरोप पुढे पोचवणारी साखळीच बिघडवतो. शिवाय यकृताला कायमची सूज असते, तीही इन्सुलिनच्या आड येते. मग इन्सुलिन असूनही कोठाराचं दार उघडंच राहतं. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओततं आणि एक दिवस थकतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. उलट बाजूनेही नुकसान आहेच: असा रेझिस्टन्स असलेल्यांचं यकृत लवकर कडक होत जातं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, चाळिशीपुढच्या हिपॅटायटिस सी झालेल्यांत मधुमेह इतरांच्या तिपटीहून जास्त आढळला. म्हणून प्रत्येक मधुमेह याच्यामुळेच असतो असं मात्र घरी जाऊन सांगू नका. बहुतेकांचा आपला पोटाच्या घेरामुळे आणि घराण्यामुळेच असतो.

या विषाणूवर लस नाही, पण औषध आहे, आणि ते चांगलं आहे. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या; शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. एक सावधगिरी: विषाणू जाऊ लागला की शुगर एकदम उतरू शकते. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर त्या काळात शुगर वरचेवर तपासा आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मावशीला दुसऱ्याच महिन्यात पहाटे दरदरून घाम फुटला होता. तिची एक गोळी बंद झाली, मधुमेह मात्र पूर्ण गेला नाही. तो सगळ्यांचा जातोच असंही नाही.

आणखी एक. पहिली तपासणी अँटिबॉडीची असते. ती बरं झाल्यावरही सहसा आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. विषाणू आत्ता आहे की नाही, ते आरएनए तपासणी सांगते. मोतीबिंदूच्या वेळी मावशीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, घरात रडारड, ऑपरेशन पुढे ढकललं. मी जुना आरएनएचा निगेटिव्ह कागद घेऊन धावलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते झालं. आता तो कागद तिने प्लॅस्टिकमध्ये घालून फाइलच्या पहिल्या पानावर लावलाय.