दर्या डाव्या हाताला

जळोची हे माझं गाव. पूर्वी बारामतीला खेटून होतं, आता नगरपरिषदेच्या हद्दीतच आलं आहे. कालव्याचं पाणी, ऊस आणि भाजीचा बाजार ही आमच्या भागाची ओळख. समुद्राशी आमचा संबंध मीठ आणि सुकट यापुरता. नाही म्हणायला इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लहान मुलांना आम्ही सांगतो, हे दर्याकडचे पाहुणे. पण पाहुण्याच्या घरी जाणं काही होत नाही.

आमच्या घरात समुद्राच्या वाटेवर सगळ्यात जास्त फिरलेला माणूस म्हणजे माझे थोरले भाऊ. आम्ही त्यांना भाई म्हणतो. त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ट्रक चालवला. गुळाच्या ढेपा भरून चिपळूणला, रत्नागिरीला जायचं आणि येताना आंब्याच्या पेट्या किंवा जांभ्याचा चिरा आणायचा. कुंभार्ली घाट त्यांना डोळे मिटून चालवता येईल, असं किन्नर म्हणायचे. एकदा मी विचारलं, "भाई, दर्या कसा दिसतो हो रत्नागिरीचा?" ते म्हणाले, "आरं, रात्री पोचायचं, पहाटे माल उतरवायचा आन् माघारी फिरायचं. आवाज आलाय कानावर. बघितला न्हाई."

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा बराच गेलेला, डावा त्यामानाने चांगला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की, गेलेली नजर परत येत नाही. थेंब नेमाने टाकले तर आहे ती टिकवता येते. या आजारात कडेचं दिसणं आधी जातं, बोगद्यातून पाहावं तसं समोरचं तेवढं उरतं. गाडी चालवू नका, असंही डॉक्टर म्हणाले. भाईंनी मान हलवली आणि दवाखान्यातून बाहेर येऊन मला म्हणाले, "चावी दे."

त्या दिवशी मी चावी दिली नाही. घरापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मग मी ठरवलं की त्यांना कोकण किनारा दाखवायचा. सगळाच्या सगळा. मालवणपासून मुरूडपर्यंत, जमेल तितका समुद्राच्या कडेनं आणि वाटेतल्या जंगलांसह. शंभर पानी वही आणली, नकाशा आणला आणि रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघं ओट्यावर बसू लागलो. कवितेच्या वह्या मी खूप भरल्या आहेत, पण या वहीइतकी खाडाखोड कुठे झाली नसेल.

आता थोडं त्या रस्त्याविषयी सांगतो. रेवस ते रेडी असा किनाऱ्यालगत रस्ता असावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८१ च्या सुमाराला पुढे आली. त्याला सागरी महामार्ग म्हणतात. पण महामार्ग हा शब्द ऐकून कुणी फसू नये. कुठे तो चांगला रुंद आहे, कुठे दोन माडांच्या मधून एकच गाडी जाईल इतका. आणि खाडी आली की बरेचदा रस्ता संपतोच. तिथे बोट. गाडीसकट आपल्याला पलीकडे नेणारी फेरीबोट. मुरूडकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. या शब्दावर भाई दोन दिवस खूश होते. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेशवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा चार बोटी आमच्या वाटेत होत्या. दाभोळच्या धक्क्यावरून समोर धोपावे दिसतं, पण जमिनीवरून जायचं तर पार चिपळूणला वळसा. म्हणून शेवटची बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. या खाड्यांवर आता पुलांची योजना आहे, काही ठिकाणी कामंही चालू आहेत. आमच्यासारख्या हौशी माणसाला बोटीचं कौतुक; रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन धक्क्यावर उभ्या राहणाऱ्याला ते कसं असेल? पूल व्हावेत. फक्त त्याआधी एकदा आम्ही बोटीने जावं, इतकाच आमचा स्वार्थ.

जंगलांचं म्हणाल तर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागून राष्ट्रीय उद्यान नाही. चांदोलीला आहे, २००४ पासून, पण ते वर घाटमाथ्याला. किनाऱ्याजवळ आहे ते फणसाड अभयारण्य. मुरूडच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर डोंगरात. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं रान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये रानाचं अभयारण्य झालं. सुमारे सत्तर चौरस किलोमीटर. तिथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी नावं वाचली आणि मला वाटलं, या गावचे लोक न लिहिता कवी आहेत. शेकरू तिथे दिसतो. आमच्या बारामती तालुक्यातही सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांचं. भाई ते पाहून म्हणाले होते, "ह्याच्यापेक्षा आपल्या कारखान्याचं आवार मोठं दिसतंय." त्यामुळे फणसाडकडून त्यांच्या फार अपेक्षा होत्या.

मालवणला तर समुद्रातच अभयारण्य आहे, १९८७ पासून. तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. भाईंनी लगेच त्यांची बाजू घेतली. ज्याचं पोट ज्या वाटेवर, ती वाट अडवताना आधी त्याला विचारावं, असं त्यांचं म्हणणं. ते बोलताना माझ्याकडे पाहत होते. मी नकाशात डोकं घातलं.

तारखेचा घोळ वेगळाच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, समुद्रकासवांची पिल्लं सोडताना पाहायची होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे कासवांची अंडी राखली आणि वेळास सगळीकडे माहीत झालं. पिल्लांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. आणि रमजान सध्या फेब्रुवारीत लागतो. मुसाफिराला रोजे मागाहून धरण्याची सवलत आहे, हे मी सांगून पाहिलं. भाभी म्हणाल्या, "ती सवलत गरजेला असते भाऊजी, कासवं बघायला नाही." विषय संपला. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला. पिल्लं दिसली तर नशीब.

राहता राहिला खरा प्रश्न. गाडी कोण चालवणार? वहीत मी सगळं लिहिलं होतं, पेट्रोल पंप कुठे, मुक्काम कुठे, कुणाला कुठल्या गोळ्या. चालकाची जागा मात्र कोरी. पुतण्या चालवू शकतो हे सगळ्यांना माहीत होतं. भाईंसमोर बोलायला कुणी तयार नव्हतं. जिथे बत्तीस वर्षं बसले, तिथून त्यांना उठवायचं कसं?

मी आखलेला मार्ग असा होता: बारामती, पुणे, तिथून रेवदंडा, मग मुरूडवरून खाली उतरत मालवण, आणि फोंडा घाटाने वर येऊन दाजीपूर, राधानगरी. तिथलं रानही एके काळी कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीचं. गवा दिसला तर शेवट गोड.

एका रात्री भाईंनी वही मागितली. चष्मा लावून, मान एका बाजूला वळवून, डाव्या डोळ्याजवळ नकाशा धरून बराच वेळ पाहत राहिले. किनाऱ्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग खालून वर फिरवलं.

"ह्यो रस्ता उलटा हाय," ते म्हणाले.

"का हो भाई?"

"वरनं खाली गेलं तर दर्या उजव्या हाताला येतोय. डायवरच्या अंगाला. शेजारी बसणाऱ्याला नुसता डोंगर दिसणार."

मी काहीच बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "पहिल्यांदा दाजीपूर कर. फोंड्यानं उतरायचं. मग मालवणपासनं वर वर. दर्या डाव्या हाताला ऱ्हाईल. माझा डावा डोळा बरा हाय."

पुतण्या दारात उभा होता. त्याला हाक मारून त्यांनी विचारलं, "फोंडा उतरताना गाडी कुठल्या गेरात ठेवशील?" तो म्हणाला, "दुसऱ्या." भाई म्हणाले, "आन् ब्रेकवर पाय देऊन बसू नको."

मी वहीतली पानं उलट्या क्रमाने लिहायला घेतली. फणसाड शेवटी गेलं, तिथून रोहा, कोलाड, ताम्हिणी घाट आणि पुणे. बोटींचा क्रम उलटला. पहिली जयगडची, शेवटची दिघीची. लिहिता लिहिता सवयीने विचारलं, "भाई, निघायचं किती वाजता? तुम्ही तर रात्री बारालाच निघायचा."

"न्हाई," ते म्हणाले. "चांगलं उजाडू दे. मग निघू."