पांढरीची माती वाचण्याची विद्या
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या गांवाला एक काळी असते व एक पांढरी. काळींत आपण पिकवितों, पांढरींत राहतों. जुनी वस्ती उठून गेलेलें पांढरीचें टेकाड पुष्कळ ठिकाणीं नदीकांठीं पडलेलें असतें. तेथील माती खताला चांगली म्हणून आपण गाड्या भरभरून शेतांत नेतों. याच मातीची विद्या विश्वविद्यालयांत शिकवितात. तिला पुरातत्त्व म्हणतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत तिची एम. ए. पर्यंत व पुढेंही सोय आहे. पुस्तकें असतातच, पण खरी शाळा उन्हांत भरते. सन १९४४ मध्यें सरकारी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनीं तक्षशिलेस विद्यार्थ्यांना उत्खनन शिकविलें, तेव्हां ही पद्धत आपल्याकडे रुजली. टेकाडावर खुंट्या ठोकून, दोरी ताणून चौकोन पाडावयाचे. दोन चौकोनांमध्यें बांध राखावयाचा. (या बांधावरून मात्र भाऊबंदांत कज्जे होत नाहींत!) त्या बांधाच्या उभ्या अंगावर थर दिसतात: राखेचा, सारवलेल्या जमिनीचा, पुराच्या गाळाचा. कुदळ हळू मारावयाची, खुरप्यानें खरवडावयाचें, माती चाळावयाची, आणि खापर कोणत्या थरांतलें व किती खोल हें तेथल्या तेथें लिहावयाचें.

सर्वांत अवघड काम खड्डा ओळखण्याचें. मागाहून कोणी पेव खणलें असेल तर अलीकडचें खापर दोन हात खालीं जातें आणि नातू पणजोबांच्या पंगतीस बसतो. भरलेल्या खड्ड्याची माती मऊ लागते, रंगही निराळा दिसतो. हें हाताला कळावें लागतें. बापाबरोबर विहिरीवर राबलेल्या मुलाला तें लवकर कळतें. खापर चाकावरचें कीं हातानें थापलेलें, हें कुंभाराच्या मुलीला कोणी शिकवावें लागत नाहीं.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजानें खणलें. तीन हजार वर्षांपूर्वींचें शेतकऱ्यांचें गांव निघालें! जव पिकविणारे लोक. धान्याचें कोठार, पाण्याचा पाट, कुंभाराची भट्टी. मेलेलीं लेंकरें दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून घराच्या जमिनीखालींच पुरलेलीं. लांकडी खांब कुजून गेले, पण त्यांचे खळगे राहिले. त्यांवरून कळलें कीं आधीं चौकोनी घरें होतीं, मागाहून गोल झोंपड्या आल्या. पाऊस घटला व दैन्य आलें, असें उत्खनन करणाऱ्यांचें अनुमान आहे. या माणसांचें नांव कोणत्याही पोथींत नाहीं. राबणाऱ्यांची दप्तरनोंद मातीनें ठेविली, आणि ती माती आपणच गाडींतून वाहून नेतों!

प्रवरेकांठीं दायमाबादला १९७४ सालीं झाडाचें मूळ खणतांना एका भिल्ल बंधूला कांशाचे हत्ती, गेंडा, रेडा व रथ सांपडले. वजन साठ किलोंहून अधिक. परंतु ते रीतसर उत्खननांत, थरांत निघाले नाहींत म्हणून त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. दोष त्या बंधूचा नव्हे. थर म्हणजे काय, हें त्याला कोणीं सांगितलें होतें? उत्खननांत आजवर बहुधा कुदळ आमची आणि लेखणी दुसऱ्याची, असाच प्रकार चालला. वस्तु प्रथम मजुराच्या हाताला लागते, पण अहवालांत त्याचें नांव क्वचितच येतें. यावर आमच्या मतें एकच उपाय आहे: ज्या घरांत कुदळ आहे त्या घरांत ही लेखणीही आली पाहिजे.

म्हणून ज्यांचीं मुलेंमुली पदवीपर्यंत पोंचलीं आहेत त्यांनीं या अभ्यासाची चौकशी करावी. आणि नांगरतांना मडकें, नाणें, मूर्ति लागली तर तेथेंच थांबावें, जागेवर खूण करावी व तलाठ्यास सांगून जिल्हाधिकाऱ्यास कळवावें. जमिनींतल्या ठेव्याची खबर देणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारकच आहे. तोंवर टेकाडाकडे जाणारी गाडी रिकामी परत आली तरी चालेल. खताला आपला उकिरडा आहे.