ख्वाजा बंदेनवाज यांची दुसरी कर्मभूमी

काल ज्याच्या दारी माणसांची रीघ लागत होती, त्याला आज परक्या गावात कोणी ओळखेनासे झाले, तर त्याने काय करावे? तरुणाला धीर देणे सोपे आहे; ऐंशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वृद्धाला काय सांगणार? कलबुर्गी, म्हणजे आपले जुने गुलबर्गा, येथील प्रसिद्ध दर्ग्यात चिरनिद्रा घेत असलेल्या पुरुषावर नेमका हाच प्रसंग ओढवला होता.

सय्यद मुहम्मद हुसैनी यांना लोक ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म १३२१ साली दिल्लीस झाला. मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानीचा मान दिला, तेव्हा बालपणीच ते आईवडिलांबरोबर दौलताबादेस आले. वडील इकडेच निवर्तले. त्यांची कबर खुलताबादेस आहे. मुलगा मात्र दिल्लीस परतला आणि चिश्ती परंपरेतील नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचा शिष्य झाला. १३५६ मध्ये गुरू गेल्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ दिल्लीत त्यांनी शिष्य घडविले. राजधानीतील अशा गुरुपदाचा मान मोठा असे, हे वेगळे सांगावयास नको.

डिसेंबर १३९८ मध्ये तैमूर दिल्लीवर चालून आला. कुटुंब आणि काही शिष्य यांच्यासह वृद्ध ख्वाजांनी शहर सोडले. ग्वाल्हेर, चंदेरी, गुजरात असा लांबचा प्रवास करीत ते दौलताबादेस, म्हणजे वडिलांच्या कबरीच्या परिसरात, पोचले आणि १४०० च्या सुमारास गुलबर्ग्यास आले. फिरोजशहा बहामनीने त्यांचे आदराने स्वागत केले.

येथे कथा संपली असती, तर ती आश्रय मिळालेल्या एका निर्वासिताची कथा झाली असती. पण राजाचा पाहुणा होणे निराळे आणि पुन्हा आपल्या पायांवर उभे राहणे निराळे. फिरोज हा विद्याव्यासंगी सुलतान. ख्वाजांचे शास्त्रज्ञान त्याला तोकडे वाटू लागले, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ज्याने चार दशके अध्यापन केले, त्याच्या वाट्याला हे यावे! पुढे सुलतानाने आपल्या मुलाच्या वारसाहक्कासाठी आशीर्वाद मागितला. ख्वाजांनी तो दिला नाही. राज्य अहमदच्या, म्हणजे सुलतानाच्या भावाच्या, नशिबी आहे असे त्यांनी सांगितले. तेव्हा किल्ल्याजवळ फार गर्दी होते असे कारण पुढे करून त्यांना मुक्काम हलविण्यास सांगण्यात आले.

दुसऱ्यांदा घर मोडले, तेही अशा वयात. ख्वाजा नगराबाहेर, आज दर्गा आहे त्या बाजूस, जाऊन राहिले. लोक तेथेही आले. ही गर्दी सुलतानाच्या मर्जीने जमलेली नव्हती, हे विशेष. येथेही त्यांचे अध्यापन आणि ग्रंथलेखन चालूच राहिले. त्यांचे लेखन अरबी-फारसीत असले, तरी 'मेराज-उल-आशिकीन' हे दख्खनी भाषेतील पुस्तक फार काळ त्यांच्याच नावावर होते. ते पुष्कळ नंतरचे असावे, असे संशोधकांनी पुढे दाखविले. पण दिल्लीकर फकिराला दक्षिणेने आपला मानले होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

१४२२ च्या सप्टेंबरात अहमदशहा गादीवर आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ख्वाजा निवर्तले. सौर गणनेने वय १०१, चांद्र गणनेने १०४. काही वर्षांनी अहमदशहाने राजधानी बिदरला नेली. उरूस मात्र गुलबर्ग्यातच भरतो, आणि त्याला हिंदूही जातात.