विसार पावतीवरची एक ओळ



घर घेणारा माणूस आम्हा वकिलांकडे कधी येतो? विसार देऊन झाल्यावर. येतो तो पेढे घेऊनच. ‘व्यवहार ठरला, आता साठेखताचं तेवढं बघा.’ पावती दाखवा म्हटलं की खिशातून चौघडी कागद निघतो. अमुक फ्लॅटपोटी दोन लाख मिळाले, तारीख, सही. झालं! पैसे मिळाले हे लिहिलंय. ते परत कधी द्यायचे, याचा कुठे उल्लेख नाही.

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या करतात. हॉलचा खर्च कोणाचा, जेवणावळ कोणाकडे, विहीणबाईंना साडी कुठली. तासन् तास खल चालतो आणि मग दोन्हीकडच्या सह्या होतात. तीच मंडळी साठ लाखांच्या फ्लॅटची यादी तीन ओळींत उरकतात! अहो, विसार पावती म्हणजेच या व्यवहाराच्या याद्या. साठेखत हा साखरपुडा, आणि लग्न लागतं ते खरेदीखतानं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 स्पष्ट सांगतं, की नुसत्या विक्रीच्या करारानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. साखरपुडा मोडला तर कोर्ट लग्न लावून देत नाही, साठेखत मोडलं तर मात्र कोर्ट खरेदीखत करून द्यायला लावू शकतं, एवढा फरक आहे. पण भांडणं होतात ती याद्यांवरून. म्हणून मी पावतीवर अडून बसतो.

नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांना 2016 च्या रेरा कायद्याचा आधार आहे. कलम 13 प्रमाणे करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी वीस टक्के भरा, मग करार करू’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरी काळजी जुना फ्लॅट घेणाऱ्यांची. तिथे विकणारा तुमच्या-माझ्यासारखाच गृहस्थ असतो, चहा पाजतो, आणि समोर बसून अटी लिहायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडा.

पावतीत एक ओळ लिहून घ्या. सांगतो, पेन घ्या: ‘लिहून घेणार यांना अमुक तारखेपर्यंत अमुक रकमेचे गृहकर्ज मंजूर न झाल्यास, लिहून देणार यांनी विसाराची संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत करावी.’

कर्ज मिळणारच आहे, पगार चांगला आहे, असं म्हणाल. पण बँक तुमचा पगार बघते तसा फ्लॅटही बघते. आधीच्या मालकांच्या साठेखतांची साखळी तुटलेली असते. बाल्कनी खोलीत घेतलेली असते, मंजूर नकाशात ती खोली नसते. शिवाय 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देऊ शकते, आणि किंमत धरते ती तिच्या मूल्यमापकानं काढलेली. तुम्ही साठ लाखांना ठरवलंत, त्यानं बावन्न काढले, की वरचे पैसे तुमच्या खिशातून. मुद्रांक शुल्क तर आणखी वेगळं. अशा वेळी व्यवहार मागे घ्यावा लागतो, आणि समोरचा म्हणतो, ‘तुम्हीच मोडलात, विसार जप्त.’ ती ओळ नसेल तर त्याच्याशी कशाच्या जोरावर भांडणार?

ज्यांनी रेडिओ आत्ताच लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा: कर्ज न झाल्यास विसार परत, किती दिवसांत परत, हे पावतीवरच. ‘साठेखतात घालू’ हे उत्तर चालणार नाही. साठेखतापर्यंत पोचलाच नाहीत तर?

आणि विसार चेकनं किंवा ऑनलाइन द्या, रोखीत नको. साठेखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी दाखल व्हायला हवं, हेही... काचेपलीकडून खूण झाली, आवरायला हवं. सह्यांचं तेवढं सांगतो. मूळ मालक वारले असतील तर पावतीवर एकट्या थोरल्या मुलाची सही पुरत नाही. बहिणींच्याही सह्या घ्या. एखादी परदेशात असेल तर तिचं कुलमुखत्यारपत्र लागतं, आणि त्यातही ते कुठे साक्षांकित केलंय हे... ते पुढच्या वेळी.