ठोके शांत, किरण कमी

मी हृदयाचा सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञ. गोष्ट 2010 सालची. आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. पैठणहून एक बाई एसटीनं धावतपळत तपासणीला आल्या. नाडी 92. बाहेर रांग लागलेली, म्हणून मी घाई केली. वेगानं धडधडणाऱ्या हृदयाचं चित्र धूसर आलं आणि तपासणी पुन्हा करावी लागली.

‘‘भाऊ, पयला फोटो बिघडला व्हय?’’ त्यांनी विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. खरं तर माझ्या घाईपायी त्यांच्या छातीवरून दुप्पट किरण गेले होते.

किरण म्हणजे किती? निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. 2007 मध्ये जगातल्या 50 केंद्रांची पाहणी झाली. तेव्हा हृदयाच्या एका सीटीत साधारण 12 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातल्या पाच वर्षांइतकी मात्रा जात होती. 2017 च्या पाहणीत ही मात्रा तब्बल 78 टक्क्यांनी उतरलेली दिसली.

हे कसं साधलं? दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावतं. पूर्वी किरण सतत चालू असायचे. आता यंत्र ईसीजी पाहून त्या विसाव्यापुरतेच किरण सोडू शकतं. नाडी साठच्या आसपास असली की विसावा लांबतो, म्हणून डॉक्टर ठोके मंदावणारी गोळी देतात. सडपातळ माणसाला 120 ऐवजी 100 किलोव्होल्टही पुरतात.

सीटी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. पण नाडी उतरेपर्यंत थांबायचं की नाही, हे खोलीतला माणूसच ठरवतो.

थोडं तुमच्याही हाती आहे. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी टाळा. तासभर आधी या, शांत बसा. दमा असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर आधी सांगा. जुने रिपोर्ट आणा. सांगितल्यावर श्वास नीट रोखा. तपासणी खरंच हवी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र गरजेची असेल तर भीतीनं टाळू नका.

आता बाहेर कितीही रांग असो, धापा टाकत आलेल्या माणसाला मी आधी बाकावर बसवतो. त्या बाईंना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुम्हाला दिलं.